पहिल्या फुल मॅरेथॉनची तयारी: गाडी मंद बैलाच्या चालीने

ऑगस्टच्या शेवटी धाकट्या दिराचा फोन आला. "वहिनी, नाव टाकलं बघा मुंबईच्या फुलला! आजपासून रोज दहा किलोमीटर हाणू का?"

"अहो भाऊजी, थांबा जरा. सध्या आठवड्याला किती पळता?"

"गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तीनदा जातो. वीसेक किलोमीटर होतं. जूनमध्ये दहाची शर्यत केली की."

म्हणजे पाया आहे. सहा महिने नेमाने पळणारा, न थांबता दहा किलोमीटर जाणारा माणूस पाच महिन्यांत ४२.१९५ किलोमीटरची तयारी करू शकतो. ज्याने आजवर बस पकडण्यापलीकडे पाय उचललेला नाही, त्याने हा जानेवारी सोडून पुढचा धरावा आणि मधे एक हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, करावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, बीपी-शुगरवाल्यांनी, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असेल त्यांनी आधी डॉक्टरकडे जाऊन यावं. पळताना छातीत दाब किंवा चक्कर येत असेल तर वय कितीही असो, बूट बाजूला ठेवून आधी तपासणी.

भाऊजींना फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगितलं, ते इथे सलग लिहिते. मी नाशिकची, स्वतः तीन फुल केल्या आहेत, त्यातली पहिली पार फसलेली. तिच्याकडे येतेच.

रोज दहा का नको?

पळायला लागलं की शरीरातली वेगवेगळी खाती वेगवेगळ्या गतीने सुधारतात. सगळी गोम इथे आहे. रक्तातलं पाणी दोनेक आठवड्यांत वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. महिना-दीड महिन्यात स्नायूंमध्ये ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, दम लागेनासा होतो. माणसाला वाटतं, झालं, जमलं! पण स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांचं काम महिनोन्‌महिने चालतं.

हाडाचं तर आपल्याकडच्या रस्त्यासारखं आहे. जास्त भार यायला लागला की शरीर आधी जुनं हाड खोदून काढतं आणि मग नवं भरतं. खोदायला दोन-तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. (रस्ते खोदणाऱ्यांपेक्षा हा वेग बराच बरा, एवढंच समाधान.) म्हणजे नव्याने जोर लावल्यावर चार-सहा आठवड्यांनी, नेमका दम सुधारून उत्साह उतू जात असतो तेव्हा, आतलं हाड आधीपेक्षा थोडं कच्चं असतं. नडगीचा ठणका आणि हाडाला जाणारी बारीक चीर यांचा हंगाम तोच.

गाडीला एक बैल तरणा आणि एक मंद जुंपलाय असं समजा. हृदय-फुप्फुसं हा तरणा बैल. हाडं-कंडरे हा मंद बैल. गाडी मंदाच्या चालीने नेली नाही तर जू मोडतं. मॅरेथॉनच्या वेळापत्रकात जे जे चमत्कारिक वाटतं, म्हणजे मुद्दाम हळू पळणं, चौथ्या आठवड्याला अंतर कमी करणं, शर्यतीआधी तीन आठवडे आवरतं घेणं, ते बहुतेक सगळं या मंद बैलासाठी आहे.

आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, हा नियम तुम्ही ऐकाल. तो ठोकताळा आहे, सिद्ध झालेला आकडा नाही. माझं त्याच्याशी फारसं भांडण नाही. पण सलग तीन आठवडे वाढवल्यावर चौथा हलका घेणं मला दहा टक्क्यांच्या हिशोबापेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

जानेवारीपासून मागे

मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते आणि आता जानेवारीचा तिसरा रविवार हा तिचा ठरलेला दिवस. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, त्या रविवारवर गोल करा आणि मागे वीस रविवार मोजा. सप्टेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात पोचाल. मधल्या पट्ट्यात परतीचा पाऊस, ऑक्टोबर हीट, नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराई बसते. मोडणारे रविवार आत्ताच खोडून टाका. दिवाळीच्या आठवड्यात २४ किलोमीटर लिहिणारा माणूस एक तर फार शिस्तीचा असतो, नाही तर एकटा राहत असतो.

भाऊजींच्या आठवड्याची घडी अशी लावली: सुरुवातीला तीनच दिवस पळायचं, ऑक्टोबरपासून चार. मंगळवारी सहा-आठ किलोमीटर आरामात. गुरुवारी तेवढंच, पण मधले दोन-तीन किलोमीटर जरा नेटाने. रविवारी लांबचं, ज्याला सगळे लाँग रन म्हणतात. चौथा दिवस शनिवारचा, चार-पाच किलोमीटर, अगदी रमतगमत. बुधवार-शुक्रवार घरातच वीस मिनिटं उठाबशा, पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून एकेका पायाने टाच वर-खाली, आणि पोटाचे एक-दोन व्यायाम. सोमवारी काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही. "सोमवारी नुसतं सायकलवर सिन्नरला जाऊन येतो" हे चालणार नाही.

रविवारचे आकडे, किलोमीटरमध्ये: १२, १४, १६, मग खाली १२. परत १६, १८, २०, खाली १४. मग २०, २२, २४, खाली १६. तेराव्या रविवारी २५. चौदावा रविवार डिसेंबरच्या सुरुवातीला येतो, तेव्हा एखादी हाफ मॅरेथॉन पळायची. पुण्याची मॅरेथॉनही सहसा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. मग २८, खाली १८, मग ३०. त्यानंतर उतरण: २२, १३ आणि शर्यत.

"पण ४२ कधी पळायचं?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. सरावात पळायचंच नाही. तीसच्या पुढे शरीराची जी मोडतोड होते, ती भरून यायला इतका वेळ लागतो की पुढचे दोन-तीन आठवडे वाया जातात, आणि पदरात फारसं जास्तीचं पडत नाही. हाच हिशोब हळू पळणाऱ्यांना ३० वरही लागू होतो. किलोमीटरला आठ मिनिटं लागणाऱ्याला ३० करायला चार तास जातात. त्याने साडेतीन तासांवर थांबावं, मग अंतर २६ भरो की २७.

माझा २८ चा रविवार ठरलेला असतो: नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून त्र्यंबकेश्वर. अंतर तेवढंच, रस्त्याला सावकाश चढ. सातपूरपर्यंत कुत्री आणि दुधाच्या गाड्या, महिरावणीच्या आसपास उजाडतं, अंजनेरी फाट्याला डोंगर अंगावर येतो आणि तिथेच पाय कुरकुरायला लागतात. त्र्यंबकला पोचलं की चहा आणि एसटीने परत. अंधारात एकट्या बाईने या रस्त्याला जाऊ नये, हे मी स्वतःला सांगून ठेवलंय. आम्ही चौघी असतो, उलट दिशेने, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसेल अशा बाजूने पळतो आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं घालतो.

हळू म्हणजे किती हळू

सतराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. सतरा चोक अडुसष्टला धाप लागली तर वेग कमी करा. आठवड्यातलं ऐंशी टक्के पळणं या गतीचं हवं. नव्या धावकाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज मध्यम जोरात पळणं; म्हणजे थकायला पुरेसं, सुधारायला अपुरं. घड्याळातला आकडा मैत्रिणींना दिसतो म्हणून आपण वेगात पळतो, हेही एक आहेच.

सावकाश पळण्यात शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक नळ्या वाढतात, आणि मंद बैल मोडत नाही. अधेमधे चाललात तरी चालतं. नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं पहिल्यापासून ठरवून घेतलं तर शेवटच्या दहा किलोमीटरला पाय जास्त शाबूत राहतात. नाईलाजाने चालणं आणि ठरवून चालणं यांत फार फरक आहे, मी दोन्ही केलंय.

तिसाव्या किलोमीटरला काय होतं

आता माझी फसलेली मॅरेथॉन. डिसेंबरात हाफ २ तास २० मिनिटांत झाली होती. दुपटीवर दहा मिनिटं धरून ४ तास ५० मिनिटं ठरवली. पहिली २१ किलोमीटर २:२२ मध्ये, हवेत. तीसच्या पुढे पायांत कुणी ओल्या वाळूची पोती बांधली. पेडर रोडचा चढ आला तेव्हा पुढची माणसं दिसत होती, आवाज लांबून येत होते आणि मला माझा छातीवरचा बिब नंबर आठवेना. चालत चढले. शेवट ५:३१.

यामागचं गणित सोपं आहे. पळताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी जाते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी साधारण २,७०० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, ग्लायकोजेन, मिळून १,६०० ते २,००० कॅलरींची. उरलेलं चरबीतून येतं, आणि चरबी अंगावर हवी तेवढी असते. पण तिच्यातून ऊर्जा निघते सावकाश. जितकं जोरात पळाल तितकी साखर जास्त जळते. म्हणून पहिल्या अर्ध्यात उडवलेली साखर तिसाव्या किलोमीटरला वसूल केली जाते. इंग्रजीतून आलेला 'वॉल' हा शब्द सगळे वापरतात, पण मला ते भिंतीवर आदळल्यासारखं कधी वाटलं नाही. महिनाअखेरीला पाकीट उघडावं तसं वाटलं.

उपाय दोन. एक, सुरुवात हळू. पीट रीगल नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. माझ्या २:२० ला त्याप्रमाणे ४:५२ येतात. पण हे मुरलेल्या पायांचं गणित. आठवड्याला पन्नास किलोमीटरच्या आत पळणाऱ्या नवख्याने त्यात आणखी वीस-तीस मिनिटं घालावीत. मी घातली नव्हती.

दोन, पळताना खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि भूक लागण्याआधी, म्हणजे पाऊण तासापासूनच. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास, धावकांसाठी मिळणाऱ्या एनर्जी जेलच्या पुडीत सहसा २० ते २५. साधे खजूर चार-पाच घेतले की तेवढंच होतं. बिया आदल्या रात्रीच काढून ठेवा. मी एकदा राजगिऱ्याचा लाडू नेला होता. घास घेतला, श्वास आत ओढला आणि तो भुगा थेट घशात. आनंदवल्लीच्या कोपऱ्यावर ठसका लागून उभी होते, दूध घ्यायला आलेल्या आजोबांनी पाठीवर थोपटलं. लाडू चांगलाच असतो, बसून खायचा असतो. अशी सगळी फजिती रविवारच्या सरावात होऊन जाऊ द्या. पोटालाही पळता पळता पचवायला शिकवावं लागतं. सोळाच्या पुढच्या प्रत्येक लाँग रनला तेच खा, जे शर्यतीत खाणार आहात.

पाण्याबद्दल उलटी चूक होते. "भरपूर पाणी पी" हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. पण चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं. शर्यतीआधीपेक्षा नंतर ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका जास्त होता. तहान लागेल तसं प्या. ओआरएसची पुडी नेत असाल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा. चवीसाठी घट्ट करू नका.

दुखणं आणि दुखणं

दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्यात, दुसऱ्या दिवशी जास्त आणि चौथ्या दिवशी गेलं, तर तो सराव. दुखणं एकाच बाजूला, एकाच जागी असेल तर सावध. नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत गुडघ्याकडून घोट्याकडे न्या. सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर दोन-तीन दिवस विसावा. एखाद्या रुपयाएवढ्या जागेवर अंगठा ठेवताच कळ आली, किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. "थोडं गरम झालं की जातं" म्हणून महिनाभर पळालेली एक मैत्रीण नंतर तीन महिने पळू शकली नाही.

बायकांसाठी एक जास्तीचं: तीन महिने सराव करूनही जिना चढताना धाप लागत असेल, तर दोष जिद्दीचा नसतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आमच्या गटात निम्म्याजणींचं कमी निघालं होतं.

बुटांचं थोडक्यात: संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना विकत घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, आणि शर्यतीपर्यंत त्यावर निदान शंभर किलोमीटर झालेले असू द्या. जांघा, काखा आणि ब्रेसियरच्या पट्ट्याखाली व्हॅसलिन चोपडा. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावा. हसू नका, पांढऱ्या बनियनवर रक्ताचे दोन डाग घेऊन येणारे दरवर्षी दिसतात.

बुडालेला आठवडा

ताप येईल, पाहुणे येतील, ऑफिसात ऑडिट लागेल. आठवडा बुडाला तर बुडाला, पुढचा जसा लिहिलाय तसा करा. गेलेले किलोमीटर भरून काढायचे नाहीत. उधारी चुकती करायच्या नादात मंद बैल मरतो. दोन आठवडे गेले तर शेवटी जिथे होता त्याच्या दोन पायऱ्या मागून सुरू करा. डिसेंबरात महिनाभर पळणं झालंच नाही, तर त्या वर्षी हाफवर या किंवा तीन शिफ्ट लागलेल्या कामगाराइतक्या संयमाने सगळी शर्यत चालत-पळत करा. आयोजकांची वेळमर्यादा मात्र आधी बघून ठेवा.

शेवटचे तीन आठवडे

या काळात अंतर निम्म्याहून खाली येतं आणि डोकं फिरतं. घोटा दुखतोय, घसा खवखवतोय, सगळं विसरलोय असं वाटतं. तो हमखास होणारा भास आहे. पाय हलके ठेवा, गुरुवारचं थोडं नेटाचं पळणं चालू ठेवा, झोप वाढवा.

नाशिककरांना आणखी एक अडचण. जानेवारीत इथे पहाटे दहा अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि मुंबईत समुद्राची दमट हवा. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात मी एक-दोन छोटे सराव पहाटेऐवजी उन्हं वर आल्यावर करते, आणि मुंबईसाठी किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद सोडून देते.

शर्यतीच्या आठवड्यातच संक्रांत येते. मुंबईला जाणाऱ्याला हे वरदान. शेवटच्या दोन-तीन दिवसांत साखरेचा साठा भरायचा असतो. भात, बटाटा, गुळाची पोळी घ्या, तूप हात राखून. भोगीची मिसळभाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी मात्र, शर्यत अगदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असेल तर, चाखण्यापुरती. तो चोथा चौतिसाव्या किलोमीटरला आठवण करून देतो. आदल्या रात्री वरण-भात, लवकर. पहाटे सुटायच्या अडीच-तीन तास आधी उठून रोजचंच काहीतरी. मी ब्रेड-जाम आणि अर्धा कप चहा घेते.

बिब आणायला गेलात की तिथल्या प्रदर्शनात तीन तास भटकू नका. नवे मोजे, नवा गॉगल, मोफत मिळालेली नवी जेल, काही काही नवीन नको.

आणि सुटल्यावर पहिले पाच किलोमीटर लाज वाटेल इतके हळू. शेजारून माणसं जातील, जाऊ द्या. माझ्या दुसऱ्या मॅरेथॉनला त्यातले बरेच जण मला पेडर रोडच्या चढावर भेटले. ती झाली ५:०४ मध्ये, दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा फक्त चार मिनिटांनी जास्त.

भाऊजींचा सध्या विसाचा रविवार झालाय. परवा त्यांचा मेसेज: शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकू का? टाका म्हटलं, आणि परतीच्या गाडीत खालचा बर्थ बघा. सोमवारी आमच्या घराचा जिना मी पाठमोरी होऊन, कठडा धरून उतरले होते, आणि खालच्या काकूंना वाटलं होतं माझं काहीतरी हरवलंय.